आमच्या जिन्यातले आजोबा
भावा, तुमच्या चौथ्या मजल्यावर दिवा लागत नाही पण रात्री पावलं वाजतात म्हणतोस, तर आमच्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आजोबांचं ऐक. दूधवाला नाही, पेपर नाही, दाराबाहेर चप्पलसुद्धा नाही. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ५५ फुटांवर गेली (धोका पातळी ४३), त्याच्या आधी, पार्किंग कोरडं असताना, त्यांनी दार वाजवून एवढंच सांगितलं, "गाड्या वर काढा." आम्ही हसलो. माझी स्प्लेंडर गेली, असो. बोटीनं सगळ्यांना काढलं, त्यात ते नव्हते. पूर ओसरल्यावर जिन्यात नुसता गाळ, पाऊल एकही नाही, आणि आतून नेहमीचा खोकला!

भूतबित मी मानत नाही. पण २०२१ ला दार वाजल्याबरोबर गाडी टेंबलाई टेकडीवर नेऊन लावली.