इग्नू बीएस्सी : टीएमए लिहायला सुरुवात कुठून करायची?

रात्रपाळी : बीएससीजीला (जनरल बीएस्सीला) यंदाच प्रवेश घेतलाय. मेकॅनिक्स (बीपीएचसीटी-131) आणि केमिस्ट्रीची बीसीएचसीटी-131 या दोन टीएमए (घरून लिहून द्यायच्या, शिक्षकांनी तपासायच्या असाइनमेंट) समोर आहेत. रोज जेमतेम दीड तास मिळतो. सगळे ब्लॉक (इग्नूची अभ्यासपुस्तकं) वाचून मग लिहायचं, की प्रश्न हातात घेऊन वाचायचं? बाजारात सोडवलेल्या प्रतीही मिळतात म्हणे.

लंबक : प्रश्न हातात घेऊनच वाचा. प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने युनिटचा (धड्याचा) नंबर टाका. मग त्या युनिटमधली एसएक्यू (स्वतःला तपासायचे प्रश्न) आणि शेवटचे टर्मिनल प्रश्न आधी सोडवा. त्यांची उत्तरं युनिटच्या अखेरीस दिलेली असतात आणि टीएमएतली गणितं बहुधा त्याच धर्तीची असतात. आकडे आणि दिशा बदलतात, एवढंच. विकतच्या प्रतींचा नाद सोडा. थिअरीत 30 टक्के वजन टीएमएचं असलं तरी 70 टक्के सत्रांत परीक्षेचं आहे, आणि दोन्हीत वेगवेगळे किमान 35 टक्के लागतात. उतरवून काढलेलं तिथे कामाला येत नाही.

गणिताचे गुण पायऱ्यांना असतात. समजा 30 अंशांचा उतार, घर्षण गुणांक 0.2. आधी बलांची आकृती काढा. मग ठोकळा घसरतो का ते पाहा : टॅन 30 म्हणजे 0.577, गुणांकापेक्षा मोठा, म्हणजे घसरतो. सूत्र आधी अक्षरांत मांडा, आकडे शेवटी (साइन 30 म्हणजे 0.5, कॉस 30 म्हणजे 0.866) :

प्रवेग = 9.8 × (0.5 − 0.2 × 0.866) = 3.2 मी/से²

इथे उत्तर उणे 10 च्या आसपास आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे. उताराच्या गणितांत हा घोळ नेहमीचाच. आकड्यापुढे एकक नसेल तर उत्तर अर्धवटच.

बेन्झीन_वलय : केमिस्ट्रीत गुण जातात ते बाणांमुळे. अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारा वक्र बाण इलेक्ट्रॉनांकडून निघतो, धन प्रभाराकडून कधीच नाही. प्रोपीन आणि एचबीआर घ्या : पहिला बाण दुहेरी बंधाकडून हायड्रोजनकडे, त्याच वेळी दुसरा हायड्रोजन-ब्रोमीन बंधाकडून ब्रोमीनकडे. मग द्वितीयक कार्बोकॅटायन (धन प्रभार असलेला कार्बन) दाखवून ते प्राथमिकापेक्षा स्थिर का, ते एका ओळीत लिहा आणि ब्रोमाइडचा बाण त्याच्याकडे काढा. नुसतं '2-ब्रोमोप्रोपेन' लिहून कारणाचे गुण मिळत नाहीत.

रात्रपाळी : आभार. कागद कुठला वापरायचा? टाइप केलेलं चालेल?

लंबक : नाही, स्वतःच्या अक्षरात. फुलस्केप घ्या, फार पातळ नको, मागची शाई उमटते. डावीकडे, वर आणि खाली 4 सेंमी जागा सोडा, तपासनीस तिथेच शेरे लिहितो. पहिल्या पानावर एनरोलमेंट नंबर, नाव, पत्ता, कोर्स कोड, कोर्सचं नाव, असाइनमेंट नंबर, स्टडी सेंटर आणि तारीख. लिहिण्याआधी प्रश्नपत्रिकेवरचं वर्ष बघा. मुदत संपलेले प्रश्न सोडवले की सगळी मेहनत पाण्यात.

बेन्झीन_वलय : आणि देण्याआधी झेरॉक्स काढा, सेंटरवर पोच घ्या. पोच नसेल आणि गुण चढले नाहीत तर दाखवायला हातात काहीच उरत नाही. शिवाय एकदा पास झालात की गुण वाढवण्यासाठी तीच टीएमए परत देता येत नाही, तेव्हा 35 पुरतं लिहून मोकळे होऊ नका. 80 मिळाले तर अंतिम निकालात 24 जमा, 50 मिळाले तर 15.