मिक्सरच्या आर्मेचरमधील एक ओहमपेक्षा कमी रोध घरच्या घरी कसा मोजावा?

कार्बनब्रश:
नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका बाजारगावात माझे मिक्सर, ड्रिल मशीन आणि पंखे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. गेल्या दोन महिन्यांत चार मिक्सर एकाच तक्रारीचे आले. चालू केल्यावर पाच मिनिटांत जळका वास येतो आणि कार्बन ब्रशपाशी निळसर ठिणग्या दिसतात. ब्रश नवे घातले आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात ती तांब्याच्या पट्ट्यांची नळी) पॉलिश पेपरने साफ केला, तरी ठिणग्या थांबत नाहीत. आर्मेचरमधील, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागातील, एखादी कॉइल आतून शॉर्ट झाली असावी असा मला संशय आहे, परंतु तो सिद्ध करण्याचे साधन माझ्याकडे नाही. माझा साधा डिजिटल मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर कम्युटेटरच्या शेजारच्या कोणत्याही दोन पट्ट्यांमध्ये ०.७ किंवा ०.८ दाखवतो, आणि नुसते दोन प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.३ दाखवतो. म्हणजे खरा रोध ०.४ ओहमच्या आसपास असावा, पण त्यातला फरक या मीटरवर दिसणे शक्य नाही.

आर्मेचर रिवाइंडिंगला (नव्याने तार गुंडाळायला) पाठवले की पैसे जातात, आठवडा जातो, आणि एकदा तर चांगले आर्मेचर विनाकारण उकलले गेले, याचे मला फार वाईट वाटले. सोल्डरिंग मला चांगले जमते. असे काही सर्किट आहे का, जे झिरो पीसीबीवर (सुटे भाग सोल्डर करण्याच्या भोकांच्या पट्टीवर) एका संध्याकाळी बांधता येईल आणि मिलिओहमपर्यंतचा फरक दाखवू शकेल? महागडा तयार मीटर घेण्याची सध्या ऐपत नाही.

चार_तारा:
दादा, तुमचे निदान योग्य दिशेने चालले आहे आणि तुम्हाला हवे ते साधन पूर्णपणे तुमच्या आवाक्यातले आहे. मी स्वतः हे सर्किट बांधलेले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

अडचण मीटरच्या अचूकतेची कमी आणि जोडणीची जास्त आहे. मल्टिमीटर ज्या दोन वायरींमधून प्रवाह सोडतो त्याच वायरींवर व्होल्टेजही मोजतो, त्यामुळे वायरींचा, प्रोबच्या टोकांचा आणि टेकवलेल्या जागेचा रोध आपोआप बेरजेत येतो. तुमच्या बाबतीत ही बेरीज ०.३ ओहम आहे, आणि ती हाताच्या दाबाबरोबर बदलत असल्याने नुसती वजा करूनही भागत नाही. उपाय असा, की प्रवाह दोन वायरींनी द्यायचा आणि व्होल्टेज वेगळ्या दोन वायरींनी मोजायचे. याला केल्विन जोडणी म्हणतात. व्होल्टेजच्या वायरींतून जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही. मीटरचा स्वतःचा रोध १ मेगओहम धरला तरी २०० मिलिव्होल्टला ०.२ मायक्रोअँपिअर एवढाच. त्यामुळे त्या वायरी कितीही वाईट असल्या तरी मोजमापात फरक पडत नाही.

स्थिर प्रवाहासाठी एलएम३१७ ही व्होल्टेज स्थिर राखणारी आयसी घ्या. या आयसीच्या आउटपुट आणि अॅडजस्ट या दोन पायांमध्ये नेहमी सुमारे १.२५ व्होल्ट राहतात, म्हणून त्यांच्यामध्ये १२.५ ओहमचा रेझिस्टर लावला की अॅडजस्टच्या पायाकडून बरोबर १०० मिलिअँपिअर मिळतात. मात्र १२.५ ओहम बाजारात सहज मिळत नाही, आणि आयसीगणिक ते १.२५ व्होल्टही १.२० ते १.३० पर्यंत बदलतात. म्हणून १५ ओहम अर्धा वॉटचा एक रेझिस्टर घ्या आणि त्याला समांतर ४७ ओहम व १०० ओहमचा प्रिसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) यांची एकसर जोडणी करा. अशाने प्रिसेटमधून २८ मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जात नाही, आणि पुढेमागे प्रिसेटचा सरकता संपर्क खराब झाला तरी प्रवाह उसळण्याऐवजी ८३ मिलिअँपिअरपर्यंत उतरतो. मोजण्याच्या उपकरणात बिघाड या बाजूला झुकणे मला फार महत्त्वाचे वाटते.

पुरवठ्यासाठी चार पेन्सिल सेल, म्हणजे ६ व्होल्ट, पुरतात. मोबाइलचा चार्जर वापरू नका, कारण त्याच्या आउटपुटवरचा गोंगाट मिलिव्होल्टच्या वाचनात उतरतो. सेलच्या मार्गात एक पुश बटन ठेवा. बटन दाबलेले असेल तेवढाच वेळ प्रवाह जाईल, सेल महिनोन्महिने टिकतील आणि आयसीही तापणार नाही. आयसीचा धातूचा पत्रा आतून आउटपुटला जोडलेला असतो, त्यामुळे तो डब्याच्या धातूला टेकू देऊ नका.

आता वाचन. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवा. १०० मिलिअँपिअरला १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिओहम, आणि या रेंजवर मीटर ०.१ मिलिव्होल्ट दाखवतो, म्हणजेच तुम्हाला १ मिलिओहमचा फरक दिसतो. आकड्याला दहाने गुणले की मिलिओहम मिळाले.

जुळवणी करताना मीटरच्या करंट रेंजवर अवलंबून राहू नका. १० ओहमचे एक टक्कावाले दहा मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडून १ ओहमचा नमुना तयार करा. ते दीड चौरस मिलिमीटरच्या दोन जाड तांब्याच्या तारांवर ओळीने सोल्डर करा, प्रवाहाच्या वायरी तारांच्या टोकांना आणि व्होल्टेजच्या वायरी मधोमध जोडा. त्या जाड तारेचा रोध दर मीटरला साडेअकरा मिलिओहम असतो. पाच सेंटिमीटरच्या तुकड्याचा जेमतेम अर्धा मिलिओहम भरेल. मग या नमुन्यावर मीटर १००.० दाखवेपर्यंत प्रिसेट फिरवा. यात एक मोठा लाभ असा, की मीटरची स्वतःची चूकही याच जुळवणीत सामावली जाते, कारण पुढची सगळी वाचने याच मीटरवर घ्यायची आहेत. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर हे सगळे भाग एकाच फेरीत मिळतील.

ग्राउलर_जुना:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी सांभाळाव्यात, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट डायोडची. वाइंडिंगमधून प्रवाह जात असताना बटन सोडले किंवा प्रोब उचलला, की कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा उलट्या दिशेने मोठा व्होल्टेज उसळवते. आर्मेचरच्या एका कॉइलला ते किरकोळ असते, पण हेच साधन उद्या तुम्ही ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला लावाल तेव्हा बोटांना झटका बसेल आणि आयसीही जाईल. त्यासाठी प्रवाहाच्या दोन टोकांवर १एन४००७ चे दोन डायोड परस्परविरुद्ध दिशांनी लावा. २०० मिलिव्होल्टला त्यांतून होणारी गळती नगण्य असते. फील्ड कॉइल (मोटरच्या स्थिर भागातील वेटोळे) मोजायची असेल, तिचा रोध काही ओहम असतो, तर प्रत्येक दिशेला दोन डायोड एकसर घ्या आणि मीटर २००० मिलिव्होल्टवर ठेवा.

दुसरी गोष्ट प्रोबची. कम्युटेटरची पट्टी दोन-तीन मिलिमीटर रुंद असते, तिच्यावर क्रोकोडाइल क्लिप बसत नाही. मी आइसक्रीमच्या लाकडी काडीवर शिवणकामाच्या दोन सुया पाच मिलिमीटर अंतरावर दोऱ्याने आवळून बांधल्या आहेत आणि वर अॅराल्डाइट लावले आहे. अशा दोन काड्या, म्हणजे एकूण चार सुया. काडी पट्टीच्या लांबीच्या दिशेने धरायची, म्हणजे दोन्ही सुया त्याच पट्टीवर टेकतात. एका काडीवरची एक सुई प्रवाहाची आणि दुसरी व्होल्टेजची. त्या दोन सुया एकमेकींना कुठेही टेकता कामा नयेत, कारण त्या जागीच चार तारांचा सगळा फायदा संपतो. कम्युटेटर साफ करताना एमरी पेपर वापरू नका, त्याची वाहक भुकटी पट्ट्यांमधल्या फटीत अडकते.

प्रवाह १ अँपिअर करावा असा सल्ला काही ठिकाणी वाचायला मिळतो. त्याने आकडा दहापट मोठा दिसेल हे खरे, परंतु पेन्सिल सेल लगेच बसतील आणि आयसीला मोठा हीट सिंक लागेल. आर्मेचरच्या कामाला १०० मिलिअँपिअर पुरेसे आहेत.

कार्बनब्रश:
दोघांचेही मनापासून आभार. रविवारी सर्किट बांधले. खात्रीसाठी आधी घरच्या वायरिंगमधली १ चौरस मिलिमीटरची बरोबर एक मीटर वायर मोजली, तर मीटरने १.८ दाखवले, म्हणजे १८ मिलिओहम. मल्टिमीटरवर हीच वायर ०.३ ओहम दिसत होती.

मग ठिणग्या पडणाऱ्या एका मिक्सरचे आर्मेचर बाहेर काढले. कम्युटेटरला २४ पट्ट्या आहेत. खडूने पहिल्या पट्टीवर खूण करून एकेक जोडी मोजत गेलो. तेवीस वाचने ४१.८ ते ४२.६ मिलिव्होल्टच्या आत आली. सतराव्या आणि अठराव्या पट्टीमध्ये मात्र ३७.१ आले. सुया पुन्हा घासून, दाब बदलून चार वेळा मोजले, तरी आकडा ३७.० ते ३७.२ च्या बाहेर गेला नाही. त्याच जागी मल्टिमीटर इतर पट्ट्यांसारखाच ०.७ दाखवत होता.

हा फरक साधारण बारा टक्क्यांचा आहे. यावरून शॉर्ट झाल्याचा निष्कर्ष काढणे योग्य होईल का, की तापमानामुळे किंवा सोल्डरिंगमुळेही एवढा फरक पडू शकतो? दुसरे असे, की दुसऱ्या एका आर्मेचरमध्ये एका जोडीवर मीटर सरळ १ दाखवतो, म्हणजे रेंजच्या बाहेर. त्याचा अर्थ मला लागत नाही.

चार_तारा:
तापमानाचा प्रश्न येथे उद्भवत नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्का वाढतो, म्हणजे बारा टक्क्यांसाठी एका कॉइलमध्ये आणि तिच्या शेजारणीत तीस अंशांचा फरक हवा. थंड आर्मेचरमध्ये तो असणार नाही. पट्टीपाशी सोल्डर किंवा जोड सैल असता तर वाचन वाढले असते, येथे ते घटले आहे. घटण्याचे कारण वेढे कमी भरणे हेच. त्या कॉइलला सोळा वेढे असतील तर त्यातले दोन शॉर्ट झाले की बरोबर एवढी घट येते. हे आर्मेचर निःशंकपणे रिवाइंडिंगला द्या, आणि उकलताना वेढे मोजायला सांगा.

दुसऱ्या आर्मेचरचे उत्तर जोडणीत आहे. अशा आर्मेचरमध्ये सगळ्या कॉइल एकामागोमाग एक जोडलेल्या असतात आणि त्यांचे वर्तुळ बंद होते. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये मोजताना एका बाजूने एक कॉइल असते आणि दुसऱ्या बाजूने उरलेल्या तेवीस. ती एक कॉइल तुटली की मीटरला फक्त तेवीस कॉइलांची बेरीज दिसते, ०.४ ओहमऐवजी नऊ-दहा ओहम, आणि २०० मिलिव्होल्टची रेंज ओलांडली जाते. तेथे पट्टीच्या टोकाशी तार सुटली आहे का ते भिंगातून पाहा. पुष्कळदा तार आत तुटलेली नसते, पट्टीच्या खाचेतून निसटलेली असते, आणि ती पुन्हा बसवता येते.

ग्राउलर_जुना:
हे साधन वेढ्यांचा शॉर्ट आणि तुटलेली तार एवढेच सांगते. वाइंडिंग शाफ्टला गळत असेल तर या वाचनात काहीही दिसणार नाही, आणि ग्राहकाला झटका बसण्याचा धोका तेथेच असतो. म्हणून रिवाइंड होऊन आलेले प्रत्येक आर्मेचर ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर) कम्युटेटर आणि शाफ्ट यांच्यामध्ये तपासल्याशिवाय मिक्सरमध्ये बसवू नका. मेगर नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी मोटर रिवाइंडिंगचे काम करणाऱ्या कोणाकडेही तो असतो, दोन मिनिटांचे काम आहे.