माळ लांब झाली, कावीळ उतरली?

जुनाट:
मावसभावाचा मुलगा इंजिनिअरिंगला, होस्टेलवर. मेसचं पाणी, रस्त्यावरची पाणीपुरी, सगळं रीतसर. महिन्यापूर्वी घरी आला तो मळमळ, जेवणावरची वासना उडालेली, लघवी कोऱ्या चहासारखी. आईने खालची पापणी ओढून बघितली तर डोळे हळदीसारखे. रक्त तपासलं, बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं द्रव्य) ८.४. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घे, हलकं खा, दारूला शिवू नकोस.

एवढ्यावर वहिनीचं समाधान होईना. रविवारी शेजारच्या गावात नेऊन कावीळ उतरवायची काड्यांची माळ घातली. डोक्यावर टोपीसारखी ठेवलेली माळ दहा-बारा दिवसांत पोटापर्यंत आली आणि पोराचे डोळे पांढरे झाले! मी बीएस्सी झालेला माणूस, पहिल्या दिवशी हसलो. आता वाटतं, हसायचं कशाला? नारळ आणि अकरा रुपयांत काम झालं. नुकसान तर काही नाही ना? तुम्हाला काय वाटतं?

लॅबवाली:
माळेचं गुपित सांगते. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात सरकत्या फासाने बांधतात. काडी वाळली की आकसते, फास सैल होतो आणि त्यात अडकलेला दोरा मोकळा होतो. दाराच्या कडीला अडकवून बघा, कडीचीही कावीळ उतरेल.

मेसच्या पाण्यातून होते ती बहुतेक हेपॅटायटिस ए किंवा ई विषाणूची. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूक जाते. काडी वाळायला लागणारे दिवस आणि यकृत सावरायला लागणारे दिवस जुळतात, एवढाच माळेचा चमत्कार. एक विचारू? रिपोर्टमध्ये कुठला विषाणू आला होता?

आडगाव:
आला का शहरी शहाणपणा! ताई, ‘आपसूक जाते’ असं तुम्हीच म्हणता. मग डॉक्टर तरी काय करतात? सलाईनची बाटली आणि लिव्हरचं टॉनिक. त्या टॉनिकने उतरली असं म्हटलं की विज्ञान, माळेने उतरली म्हटलं की अंधश्रद्धा. आमच्याकडून सोनोग्राफीला जायचं तर ४२ किलोमीटर. माळवाला उंबऱ्यावर बसून पोराची विचारपूस करतो, तेल-तिखट बंद करतो, दारू सोडायची शपथ घालतो. आमच्या गावात दारू त्याच्या शब्दावर सुटलीय, कुणाच्या चिठ्ठीवर नाही.

लॅबवाली:
टॉनिकबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, तो धंदाच आहे. दारूची शपथही कबूल. पण तेलाची एवढी धास्ती नको. मळमळ असेल तर तेलकट नकोसं होतं, इतकंच. नुसत्या उसाच्या रसावर माणूस अशक्त होतो, आणि तो रस गाड्यावरच्या बर्फाचा असेल तर दुसरी कावीळ घरी यायची. लोक हळदही बंद करतात, तिचा तर काही संबंधच नाही.

झणझणीत:
आमच्याकडे माळ नव्हती, चुन्याचं पाणी होतं. बुवा हातावर काहीतरी चोळायचा, वरून चुन्याची निवळी ओतायचा, परातीत पिवळंधमक पाणी. ‘बघ, कावीळ निघाली!’ हातावर चोळलेली असायची आंब्याच्या झाडाच्या सालीची पूड. चुन्यात ती पिवळी पडते. मी शाळेत असताना धडधाकट मास्तरांच्या हातावर करून दाखवलं होतं. मास्तर दोन दिवस आरशात डोळे बघत होते.

निवांत:
‘नुकसान तर काही नाही ना’ हे वाक्य वाचून लिहायला बसलो.

माझे वडील ६१ वर्षांचे. ताप नाही, पोट दुखत नाही, नुसते डोळे पिवळे आणि अंगाला खाज. खाजवून खाजवून पाठीवर ओरखडे. शौच पांढुरकी, ओल्या मातीसारखी. आम्ही आधी माळ घातली, मग नाकात कसल्यातरी कडू रसाचे थेंब घातले. दिवसभर नाकातून पिवळं पाणी गळलं आणि सगळे म्हणाले, निघाली कावीळ. नंतर कळलं की तो रस निरोग्याच्या नाकात घातला तरी असंच गळतं. यात २५ दिवस गेले. सोनोग्राफीत पित्ताची नळी फुगलेली दिसली, पुढच्या तपासणीत स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ. ती पित्ताची वाट अडवून बसली होती.

लवकर गेलो असतो तर ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण ते २५ दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

जुनाट:
निवांत, वाईट वाटलं. पण तुमची केस अपवाद नाही का? शंभरातल्या नव्वदांची साधीच असते.

लॅबवाली:
तीच नव्वद माणसं माळेची जाहिरात करतात. उरलेली दहा कोण, हे डोळे बघून कळत नाही.

जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यातून बिलिरुबिन तयार होतं आणि यकृत ते पित्तातून बाहेर टाकतं. पेशी भराभर मोडल्या, यकृत थकलं किंवा नळी तुंबली, तिन्ही वेळा डोळे तसेच पिवळे दिसतात. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल (तांबड्या पेशी लवकर मोडणारा आनुवंशिक आजार) असलेल्या पोरांचे डोळे वरचेवर पिवळे दिसतात, त्यांना किती माळा घालणार? कोकणात लावणीच्या दिवसांत ताप, पिंढऱ्या दुखणं आणि मग पिवळे डोळे म्हणजे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा ताप, असू शकतो. त्याला वेळेवर अँटिबायोटिक लागतं.

आणि गरोदर बाई असेल तर माळेचा विषयच काढू नका. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात सांडपाणी यमुनेच्या पाणीउपशात शिरलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जगभर ती ए समजली गेली. साठवलेली रक्तं पुढे तपासली तेव्हा ती ए नव्हतीच, आज तिला ई म्हणतात. बाकीच्यांना सहसा सोडून देणारी ही ई शेवटच्या तिमाहीतल्या बायकांत २०-२५ टक्क्यांपर्यंत जीव घेते. २०१२ साली इचलकरंजीतही दूषित पाण्यातून आलेल्या काविळीने माणसं गेली. तिथे माळ घालायची तर पाण्याच्या पाइपलाइनला घालायला हवी होती.

आडगाव:
पाइपलाइनचं पटलं. पण बुवाला शत्रू करून काय मिळणार? आमचा माळवाला हल्ली रक्ताचा कागद बघितल्याशिवाय माळ घालत नाही. पोटुशी बाई आली तर हात लावत नाही, थेट जीपमध्ये बसवून तालुक्याला पाठवतो. एका आशाताईंनी पिच्छा पुरवून त्याला हे शिकवलं. लोक आमच्याकडे आधी त्याच्याच दारात जातात, मग त्याच दारात त्यांना अडवून पुढे पाठवलं तर बिघडलं कुठे?

लॅबवाली:
बिघडतं. कागद बघून माळ घातली तरी श्रेय माळेलाच जातं, आणि पुढच्या वेळी लोक कागद विसरतात. पण जीपचं ऐकून त्या आशाताईंना नमस्कार. जुनाट, माझा प्रश्न राहिलाय.

झणझणीत:
तुमच्या दोघांच्या भांडणात माझं मत आडगावला. माणूस दारात आलाय तर तिथूनच त्याला वळवा.

जुनाट:
रिपोर्ट मागवून बघितला. नुसतं बिलिरुबिन आणि एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारी चाचणी) आहे, विषाणूची तपासणी केलेलीच नाही. पोराने गेल्या दिवाळीत दंडावर टॅटू काढलाय हेही आत्ता कळलं. म्हणजे सुईतून पसरणारे बी आणि सी हे दोन्ही विषाणू बघायला हवेत, बरोबर? उद्या सकाळी रक्त द्यायला पाठवतो. माळ वहिनीने तुळशीला गुंडाळून ठेवलीय. त्यावरून घरात वाद नको, ती राहू दे.