मदत हवी आहे: एकसुरी कामाला किती पगार असेल तर जावं?

सध्या भोसरीत लेथ मशीनवर आहे. पगार १८ हजार, पण रोज नवीन पार्ट बनवायला येतो, डोकं चालतं. चाकणला इन्स्पेक्शनची ऑफर आलीय: रबरी सील लाइटखाली फिरवून बघायचं, बर (कडेला उरलेलं जादा रबर) दिसली की लाल क्रेटमध्ये. आठ तास तेच! २६ हजार म्हणतात, पण ते सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च. पीएफचे दोन्ही वाटे, माझा आणि कंपनीचा, त्यातूनच जाणार. शिवाय पगार २१ हजारांवर गेला की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नाही, म्हणजे आईच्या औषधांचा खर्च अंगावर. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने हवा, प्रत्यक्षात मिळतो का? अशा लाइनवर टिकलेल्यांनी सांगा, हातात किती पडले तर तुम्ही हो म्हणाल? आणि नंतर परत मशीनवर कोणी घेतं का?