जाहिरात म्हणा हवं तर

गावातल्या दुकानदाराची समाजसेवा म्हणजे फुकटची जाहिरात, असं कुणीतरी म्हटलंय. थोडी असेलही. पण चिपळूणला आमच्या काकांचं हार्डवेअरचं दुकान २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात बुडालं. सिमेंटच्या गोण्यांचे जागच्या जागी दगड झाले. पाणी ओसरल्यावर काकांनी गल्ल्यातल्या ओल्या नोटा वाळत घातल्या आणि धुऊन निघालेली फावडी-घमेली चिखल उपसणाऱ्या पोरांना देऊन टाकली. निम्मी परत आलीच नाहीत. उधारीच्या वहीचा तर लगदा झालेला. तरी बरेच जण आपणहून पैसे देऊन गेले. सगळे नाही हं, काकू अजून दोन नावं घेते! काका विषय बदलतात. आता माल माळ्यावर असतो, दोरखंड आणि टॉर्च तेवढे दाराशी.