वाहिन्या आधी नेमून द्याव्यात की मागणीनुसार वाटाव्यात?

आराखडाकार:
मोबाइल जाळ्यात प्रत्येक सेलला (एका केंद्राच्या क्षेत्राला) वाहिन्या (बोलण्यासाठीचे रेडिओ मार्ग) आधीच नेमून देण्याची पद्धत कालबाह्य झाली, असे सर्रास म्हटले जाते. मला ते मान्य नाही. जीएसएम या दुसऱ्या पिढीच्या मोबाइल प्रणालीच्या मूळ ९०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात २०० किलोहर्ट्‌झचे अवघे १२४ वाहक (वारंवारतेचे तुकडे) आहेत. ते सात सेलच्या गटात वाटले, तर तीच वाहिनी पुन्हा वापरणारा सेल त्रिज्येच्या सुमारे ४.६ पट अंतरावर राहतो आणि दोघांचा एकमेकांना होणारा व्यत्यय आवाक्यात राहतो. याउलट मागेल त्याला मोकळी वाहिनी देत गेल्यास समान वाहिनीचे सेल गरजेपेक्षा दूर विखुरतात आणि सर्व सेल भरलेले असताना एकूण कॉल कमीच बसतात.

लहरी:
‘सर्व सेल भरलेले असताना’ ही अट आपण ओघात लिहून गेलात, पण वादाचे मूळ तिथेच आहे. गर्दी दिवसा कार्यालयांच्या भागात असते, रात्री वस्तीत. अशा वेळी शेजारच्या सेलमध्ये वाहिन्या पडून असूनही इथला कॉल नाकारला जातो. डेक्ट या कॉर्डलेस फोनच्या प्रणालीत १० वाहक आणि प्रत्येकावर १२ दुहेरी (बोलणे-ऐकणे दोन्हींचे) कालखंड, म्हणजे १२० वाहिन्या असतात. तिथे कोणी आराखडा आखत नाही. हँडसेट स्वतःच कमी व्यत्ययाची वाहिनी शोधतो आणि बिघाड जाणवल्यास बोलणे चालू असतानाच ती बदलतो.

आराखडाकार:
डेक्टची शक्ती अल्प आणि पल्ला तोकडा, म्हणून ते निभावते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायकडे पाहा: वाहिन्यांमधील अंतर ५ मेगाहर्ट्‌झ, पण प्रत्येकीची रुंदी सुमारे २०. त्यामुळे १, ६ आणि ११ याच परस्परांपासून मोकळ्या राहतात. एखाद्या राउटरने आपल्या सोयीने ३ निवडली, की १ आणि ६ दोन्हींवरच्या शेजाऱ्यांना त्रास होतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

त्रयस्थ:
आराखडा म्हणजे सर्वोत्तम वाटप, हे गृहीतकही तपासावे. हा प्रश्न आलेखाचे बिंदू रंगवण्याच्या (जोडलेल्या बिंदूंना वेगळे रंग देण्याच्या) प्रश्नासारखा आहे आणि मोठ्या जाळ्यासाठी त्याचे अचूक उत्तर व्यवहार्य वेळेत काढण्याची खात्रीशीर रीत ज्ञात नाही. आराखडेही अंदाजी युक्त्यांनीच बनतात. गरजू शेजारी सेलला वाहिनी उसनी देण्याचा मधला मार्ग आहे खरा, पण मग ती देणाऱ्या सेलसोबत आसपासच्या समान-वाहिनी सेलमध्येही अडवून ठेवावी लागते.

लहरी:
एलटीई या चौथ्या पिढीच्या मोबाइल प्रणालीने तर सर्व सेलना एकच पट्टा देऊन टाकला.

आराखडाकार:
दिला, पण सेलच्या कडेवरील वापरकर्त्यांसाठी शेजारी केंद्रांना पट्ट्याचे कोणते खंड कोणी वापरायचे हे आपसात ठरवावेच लागते.