मदत हवी आहे: धानाच्या बांधीची (बांध घातलेल्या शेताची) पुन्हा बोडी (छोटं तळं) केली, पाण्यात जीवच येत नाही

बोडीकाठ: अर्जुनी मोरगाव तालुका, गोंदिया जिल्हा. जुनी बोडी मोडून बांध्या केल्या होत्या, तिथे पुन्हा पाणी अडवलंय. दोन पावसाळे झाले. पाणी हिरवंगार, ना मरळ ना शिंगी मासा, एक पाणवनस्पती नाही. काय टाकू? लवकर सांगा, उन्हाळ्यात काम उरकायचं आहे.

पाणकणीस: टाकायचं नंतर बघू. खोली किती? पाणी कुठून येतं? वरचा थर काढला की नुसती पाळ घातली? मासळीचं बीज सोडलंय का?

आरोग्यमित्र: डास होतील. गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात मिळतात.

पाणकणीस: डासांचं विचारलेलंच नाही. गप्पी परदेशी आहे, इतर माशांची अंडी-पिल्लं खातो. पाणभुंगे आणि चतुर उडत येतात, त्यांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात.

बोडीकाठ: मध्ये सहा फूट, काठाला दोन. पाणी वरच्या बांध्यांतून उतरतं. थर काढला नाही. बीज गटाने सोडलंय: रोहू, कटला, सायप्रिनस (परदेशी कार्प मासा). त्याचा काय संबंध?

गाळमाती: सगळा संबंध तिथेच. बांधीच्या वरच्या वीतभर मातीत डीएपी-सुपर फॉस्फेट खतांचा स्फुरद (फॉस्फरस) लोहाला धरून बसलेला असतो. तळातला प्राणवायू संपला की तो सुटतो आणि शेवाळ माजतं. उजेड खाली पोचत नाही, बी रुजत नाही. वर सायप्रिनस तळ उकरून गढूळ करतो. पाणी आटलं की सात-आठ इंच थर काढून शेतात टाका.

पाळकरी: सरसकट काढू नका! चौपत्ती, कारा या पाणवनस्पती आणि देवधान (रानटी धान) यांचं बी-बीजाणू त्याच थरात असतात. पाच-सहा ठिकाणची वरची दोन इंच माती वेगवेगळ्या घमेल्यांत घ्या, वर चार बोटं स्वच्छ पाणी, महिनाभर उजेडात ठेवा. जिथली फुटेल तो पट्टा राखा.

गाळमाती: हिरव्या पाण्याखाली ते बी काय करणार?

पाळकरी: म्हणून खोल भाग काढा, काठ राखा. पांढरी थाळी दोरीने सोडून बघा. हातभर खोलीवरही दिसत नसेल तर लावलेलं काही जगणार नाही. दिसली तर पावसाच्या सुरुवातीला जवळच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातून हायड्रिला ही पाण्याखालची वनस्पती आणा, जलकुंभीचा तुकडाही येऊ देऊ नका. कोंब मातीच्या गोळ्यात खोचून गुडघाभर पाण्यात लावा, भोवती जाळी. काठाला बेशरमाचं झुडूप असेल तर मुळासकट उपटून पाळीबाहेर वाळवा, तुकडा ओल्यात पडला की पुन्हा फुटते.

पाणकणीस: वरच्या बांध्यांत तुडतुड्यांसाठी फवारणी होत असेल तर ते पाणी वळवा. कीटकनाशकाने पाणपिसवा (पाण्यातले शेवाळ खाणारे बारीक जीव) आधी मरतात, मग शेवाळ खाणारं कोण उरतं?

माळढोक७: सारस येतील का?

पाणकणीस: वेगळा धागा काढा.

बोडीकाठ: मरळ कुठून आणू?

पाळकरी: आणू नका. सांडव्याची जाळी काढा. पहिल्या पावसात मरळ-शिंगी ओहोळातून प्रवाहाविरुद्ध चढतात.

बोडीकाठ: जाळी काढली तर गटाचा रोहू निघून जाईल!

गाळमाती: मग मासळीची शेती की बोडी, हे गटाला विचारा. निदान सायप्रिनस तरी उन्हाळ्यात पूर्ण काढा.

पाळकरी: आणि शिंपल्यांची घाई नको. त्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून येतात, म्हणजे गावठी मासा स्थिरावल्यावरच.